नकाशा कोणी काढायचा? गाव, तज्ज्ञ आणि गोव्यातले नियोजन

1:25,000 या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. मांडवीच्या किंवा जुवारीच्या काठचा खाजनाचा, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचा, बांध चार मीटर रुंद धरला, तर त्या नकाशावर त्याची जाडी 0.16 मिलिमीटर भरते. टोक काढलेल्या पेन्सिलीची रेघही याहून जाड उमटते. ज्या बांधाच्या जिवावर मागचे भातशेत आणि वस्ती टिकून आहे, तो बांध अशा नकाशावर जवळजवळ नसतोच. उपग्रहाच्या चित्रात तो दिसतो, पण तो कुठे खचलाय, कुठल्या मानशीचे (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचे) दार कुजलेय, गेल्या उधाणाला खारे पाणी नेमके कुठून आत शिरले, हे चित्र सांगत नाही. ते बांधावरून रोज जाणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

त्या माणसालाही एक गोष्ट सहज कळत नाही. वरच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) दोनशे सदनिका उभ्या राहिल्या, तर पावसाळ्यात त्याच्या व्हाळाला (ओढ्याला) किती पाणी जास्त येईल? याला मोजमाप लागते, उतार काढावा लागतो, पावसाचे जुने आकडे लागतात. ते काम अभियंत्याचे, भूजलतज्ज्ञाचे, नगररचनाकाराचे.

नियोजनातला लोकसहभाग म्हणजे या दोघांना एकाच नकाशावर, वेळेत, एकत्र आणणे. ऐकायला हे सोपे वाटते. गोव्यात मात्र वीस वर्षे यावरून मोर्चे निघाले, आराखडे मागे घेतले गेले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजल्या. असे का झाले आणि ही जोडणी प्रत्यक्षात कशी होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपले घर, विहीर आणि शेजारचा डोंगर याच कागदांत अडकलेला असतो.

आधी कागद कोणते ते पाहू

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजारांच्या घरात होती आणि त्यातले 62 टक्के लोक शहरी भागात राहत होते. देशातल्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत मोठे. पण या ‘शहरी’ लोकांपैकी कित्येक जण ग्रामपंचायतीच्याच हद्दीत राहतात. लोकवस्तीची दाटी आणि शेतीबाहेरचा रोजगार पाहून जनगणना अशा गावाला शहर म्हणते, कारभार मात्र सरपंच आणि पंचांकडेच राहतो. म्हणूनच गोव्यात नगरनियोजन हा विषय पणजी, मडगाव, म्हापशापुरता उरत नाही. गावोगावच्या ग्रामसभेत तो रविवारी सकाळी येऊन बसतो.

नियोजनाचा मुख्य आधार 1974 चा नगर व ग्राम नियोजन कायदा. त्याखाली सगळ्या राज्यासाठी प्रादेशिक आराखडा तयार होतो: कुठे वस्ती, कुठे शेत, कुठे बागायत, कुठे उद्योग, कुठे काहीच बांधायचे नाही. पणजी, मडगाव, वास्को अशा भागांसाठी पीडीए, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणे आहेत. ती बाह्यविकास आराखडा करतात, ज्याला आपण सगळे ‘ओडीपी’ म्हणतो. किनाऱ्याला आणि भरतीचे पाणी पोहोचते त्या नद्यांच्या काठाला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात आणि त्यांच्यासाठी वेगळा किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा असतो. एका सर्व्हे नंबरावर हे सगळे एकावर एक चढलेले असू शकतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आपले नाव असते, पण त्या जमिनीवर काय करता येईल ते हे दुसरे कागद ठरवतात.

कागदावरचा रंग बदलला की जमिनीचा भाव बदलतो. शेताचा हिरवा रंग जाऊन वस्तीचा रंग आला की तीच जमीन कित्येक पट महाग होते. भूरूपांतर या शब्दाभोवती गोव्यात एवढा ताण का असतो, ते इथे कळते. त्यानंतर येतो एफएआर, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के बांधकाम करता येईल तो आकडा. 500 चौरस मीटरच्या भूखंडाला 80 एफएआर असेल, तर सगळे मजले मिळून मोजणीत धरले जाणारे बांधकाम 400 चौरस मीटर. हाच आकडा 200 केला तर 1000. नकाशावर तिथे एकच छोटा चौकोन दिसतो, पण पाणी, सांडपाणी, वीज आणि रस्त्यावरच्या गाड्या अडीचपट होतात.

मानशीपाशी उभे राहून

तज्ज्ञाचे ज्ञान आणि गावाचे ज्ञान एकमेकांना कसे पुरे करते, हे खाजनात सर्वांत स्पष्ट दिसते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून मिळवलेली शेते. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन असल्याचे नेहमी सांगितले जाते. शेकडो वर्षांपूर्वी गावकारांनी चिखल, पेंढा, जांभ्याचे चिरे वापरून हे बांध घातले. बांधात ठिकठिकाणी मानस असते: चिऱ्यांच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये लाकडी दारे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली, आतले पाणी बाहेरच्यापेक्षा वर राहिले, की तेच दार उघडते आणि शेतातले पाणी नदीत जाते. वीज नाही, मोटर नाही. मानशीच्या आतल्या बाजूला पोंय असते, म्हणजे पाणी साठवणारा खोलगट भाग. तिथे मासळी मिळते आणि मानशीत मासे धरण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो.

आता हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते 10 लाख लिटर. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा जुलैमध्ये असा दिवस उजाडणे काही नवल नाही. सडा मोकळा असेल, त्यावर गवत-झुडपे असतील, तर पाण्याचा मोठा भाग जांभ्यात मुरतो आणि पुढे झरीला, विहिरीला येतो. समजा, 40 टक्के वाहून खाली येते. त्याच जागेवर छपरे, फरसबंदी, डांबर आले की वाहून येणारे पाणी 90 टक्क्यांवर जाऊ शकते. म्हणजे हेक्टरमागे 5 लाख लिटर जास्त. सड्याचे 20 हेक्टर असे झाकले गेले, तर 1 कोटी लिटर जास्त. खाली पाच हेक्टरचे खाजन असेल आणि हे सगळे पाणी त्यात साचले, तर शेतात नेहमीच्या पाण्यावर आणखी 20 सेंटिमीटर चढतात. नुकतीच लावलेली भाताची रोपे बुडायला एवढे पुरते.

पण ते सगळे पाणी साचेल का? ओहोटी असेल तर मानस उघडेल आणि पाणी जाईल. भरती असेल तर दार मिटलेले. मग प्रश्न असा की मानस दिवसातून किती तास बंद राहते? भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत किती, उधाणाला किती? दार पुरते मिटते, की कुजलेल्या फळीतून पाणी परत आत येते? पोंयीत गाळ भरून तिची खोली कमी झालीय का? अर्धा पाऊस दार बंद असताना पडला, तर वरचे 20 सेंटिमीटर 10 होतात. ते 10 आहेत की 20, हे ठरवणारी माहिती कुठल्याही कार्यालयात नाही. ती मानशीवर राबलेल्या माणसाकडे आहे. आणि सड्यावरच्या फरसबंदीचे 5 लाख लिटर हा आकडा त्या माणसाकडे नाही, तो अभियंत्याने काढायचा आहे.

दोघांपैकी एकट्याने उत्तर काढले तर ते चुकते. अभियंत्याने एकट्याने काढले तर तो गटाराचा व्यास बरोबर काढील, पण गटार जिथे सोडायचे ते दार भरतीला बंद असते हे त्याच्या हिशेबात नसेल. गावाने एकट्याने काढले तर ‘पूर्वी पाणी भरत नव्हते, आता भरते’ एवढे सांगता येईल. ते शंभर टक्के खरे असेल, पण परवानगी देणाऱ्या टेबलावर ‘किती, कशामुळे’ याला उत्तर लागते आणि तिथे गाव गप्प बसते. लोकसहभागाचा माझ्या लेखी खरा अर्थ या एका गणितात आहे: दोघांचे आकडे एकाच ओळीत मांडायचे.

शहरातही असेच घडते. पणजीचा सांतिनेज नाला ताळगावच्या बाजूने येतो, शहरातून वाहतो आणि मांडवीला मिळतो. वरचा भाग पंचायतीत, खालचा महापालिकेत. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की खालचे रस्ते भरतात. मळ्यातल्या किंवा सांतिनेजातल्या जुन्या रहिवाशाला विचारा, पाणी आधी कुठल्या कोपऱ्यावर चढते आणि कुठल्या मोरीतून उलटे येते, तो पायऱ्यांवरची खूण दाखवील. त्या खुणांची उंची मोजून नकाशावर उतरवली, तर पूररेषेसाठी ती कुठल्याही संगणकी प्रतिरूपाला पडताळून पाहायला उत्तम. असे प्रतिरूप चालवणारा तज्ज्ञ खूण नाकारत नाही, शोधत असतो. अडचण ही की त्याच्या कंत्राटात लोकांकडे जाण्यासाठी दिवस राखून ठेवलेले नसतात.

2006 पासून आजपर्यंत

गोव्यात पहिला प्रादेशिक आराखडा 1986 मध्ये आला, तो 2001 सालापर्यंतचा. पुढचा, 2011 सालासाठीचा आराखडा 2006 मध्ये अधिसूचित झाला. तो लोकांच्या हाती पडला तेव्हा गावोगावचे लोक आपापला डोंगर आणि शेत नकाशावर शोधू लागले आणि तिथे वस्तीचे रंग दिसू लागले. गोवा बचाव अभियान उभे राहिले. डॉक्टर, शेतकरी, वास्तुविशारद, गृहिणी एकत्र आल्या आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला.

या आंदोलनाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घोषणांइतकेच तिथे नकाशावाचन चालले होते. वास्तुविशारद मंडळी गावात जाऊन सर्व्हे प्लॅन आणि आराखडा शेजारी ठेवून दाखवत होती: हा तुमचा व्हाळ, हा त्यावरचा रंग, आणि हा रंग म्हणजे काय. लोकांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येऊ लागला. त्यानंतर प्रादेशिक आराखडा 2021 साठी कृतिदल नेमले गेले. कला अकादमीची इमारत ज्यांनी उभारली ते वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्यात होते. या दलाने जमिनीची सरळ विभागणी सुचवली: काही जमिनी पर्यावरणाच्या दृष्टीने अशा की तिथे बांधकाम नकोच (जंगल, पाणवठे, खाजन, तीव्र उतार), काहींवर कडक मर्यादा, उरलेल्यांवर वस्ती.

मसुदा 2008 मध्ये आला आणि पंचायतींकडे गावाचे नकाशे पाठवले गेले. ग्रामसभांनी समित्या नेमल्या. मला वाटते, देशात राज्यपातळीवरचा आराखडा अशा रीतीने गावात पोहोचवण्याचे धाडस फार थोड्या ठिकाणी झाले असेल. समित्यांनी मंदिराच्या मंडपात, शाळेच्या बाकांवर नकाशे पसरले. देवराई, झरी, तळी, पाणंद, मसणवट, गुरांची वाट, मासळी सुकवायची जागा, नकाशात नसलेले सगळे त्यांनी त्यावर काढले. डोंगराच्या कुशीतली झर नकाशात आली की त्या कुशीला हात लावता येत नाही, हे त्यांना उमगले होते.

2011 मध्ये अंतिम आराखडा टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला तेव्हा अनेक गावांना आपण दिलेला नकाशा आणि छापून आलेला नकाशा यांत फरक दिसला. पुन्हा विरोध झाला. 2012 मध्ये नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला. पुढे काही वर्षांनी तो वापरात आला, पण तोवर विश्वास पातळ झाला होता.

हे नेमके कुठे बिघडले? लोकांना विचारले नाही असे म्हणता येत नाही. विचारले होते, मन लावून विचारले होते. बिघडले ते उत्तर देण्यात. गावाने शंभर सूचना केल्या, त्यांतल्या साठ मानल्या, चाळीस नाकारल्या, तर त्या चाळिसांपुढे एकेक ओळीचे कारण लिहून ग्रामसभेत वाचायला हवे होते. ‘ही सूचना मान्य नाही, कारण या जागी आधीच परवानगी दिलेली आहे.’ ‘ही मान्य नाही, कारण हा उतार 25 टक्क्यांहून कमी आहे.’ कारण पटो वा न पटो, त्याच्याशी वाद घालता येतो. कारणच नसेल तर माणूस संशयच घेतो, आणि गोव्यात जमिनीच्या भावाकडे पाहता तो संशय निराधार म्हणता येत नाही.

उताराचा आकडा आलाच आहे तर एवढे सांगतो. 25 टक्के उतार म्हणजे चार मीटर आडवे चालले की एक मीटर चढ. दोरी, टेप आणि पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, एवढ्या सामानावर दहावीतली मुले तो मोजू शकतात. डोंगर कापायला किंवा सखल जागी भराव टाकायला कायद्याच्या 17अ कलमाखाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. आपल्या गावातल्या डोंगरकापणीला ती आहे का, हे विचारण्याआधी उतार मोजून घेतलेला असला की विचारणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो.

अलीकडच्या वर्षांत गाडी आणखी उलट्या दिशेला गेली आहे. 2023 मध्ये कायद्यात आलेल्या 17(2) या पोटकलमाने आराखड्यातल्या ‘चुका’ सर्व्हे नंबरागणिक दुरुस्त करण्याची वाट उघडली. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले. 2024 मध्ये आलेल्या 39अ कलमातही जमिनीचा विभाग बदलता येतो. त्यात लोकांना सूचना-हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. माझा आक्षेप तांत्रिक आहे आणि मनापासूनचा आहे. सड्याचा एकेक तुकडा सुटा तपासला तर प्रत्येक वेळी उत्तर येते, ‘एवढ्याशाने काय होणार?’ वरच्या गणितातले 20 हेक्टर एका दिवसात झाकले जात नाहीत. ते वीस वेगवेगळ्या फायलींतून झाकले जातात, आणि मानशीपाशी बेरीज एकच होते. आराखडा हा शब्दच मुळी सगळ्याचा एकत्र विचार करण्यासाठी आहे.

सुनावणी शेवटी ठेवली की काय होते

किनारी आराखड्याचे उदाहरण ताजे आहे. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी होत्या: खाजनांचे नकाशे काढायचे, वाळूच्या टेकड्या जपायच्या, मोर्जी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथली कासवांची घरटी सांभाळायची. आराखड्याचा मसुदा चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केला. संस्था जाणकार आहे, याविषयी शंका नाही. 7 मार्च 2021 रोजी दोन्ही जिल्ह्यांत जनसुनावणी झाली, तिथे प्रचंड गोंधळ झाला. मच्छीमार सांगत होते की आमची वस्ती नकाशात नाही, शेतकरी सांगत होते की बांध आणि मानशी नाहीत. मिनिटे मोजून बोलायला दिले जात होते. प्रकरण हरित लवादापुढे गेले आणि त्याच वर्षी 8 जुलैला सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. 2022 मध्ये आराखड्याला मंजुरी मिळाली.

याच अधिसूचनेत गावपातळीच्या नकाशांसाठी 1:3960 हे प्रमाण दिले आहे. त्यात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार मीटर. आपला बांध या नकाशावर ठळक दिसतो! तंत्राने दिलेल्या याच प्रमाणावर गावाने आधी खुणा केल्या असत्या आणि मग संस्थेने त्या तपासल्या असत्या, तर सुनावणीचा दिवस हा तक्रारींचा राहिला नसता, पडताळणीचा झाला असता. सगळे काम संपल्यावर माणसाला बोलावले की त्याच्या हाती विरोध सोडून दुसरे काहीच उरत नाही. मग अधिकारी म्हणतात, लोक फक्त विरोध करतात.

गावही नेहमी बरोबर नसते

हे लिहिल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. ‘गाव’ म्हणून जो आवाज ग्रामसभेत ऐकू येतो तो सगळ्यांचा असतोच असे नाही. खाजनातच पाहा. शेतकऱ्याला खारे पाणी बाहेर हवे, मानशीचा लिलाव घेतलेल्याला जास्त मासळीसाठी ते आत हवे. जमिनीचा मालक, कूळ आणि कोमुनिदादीचे (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) गावकार यांच्या गरजा वेगळ्या. कामाला आलेले परप्रांतीय मजूर भाड्याच्या खोलीत राहतात. पाणी भरले की सर्वांत आधी तेच भिजतात, पण ग्रामसभेत त्यांना कोण विचारतो? रविवारी सकाळी बायका स्वयंपाकात असतात, मच्छीमार होडीवर. धनगर आणि गावडा समाजाच्या वाड्यांवरून सभेला येणाऱ्याला बस मिळत नाही. वैशाखात कुठल्या विहिरीचे पाणी मचूळ होते हे घरातल्या आजीला पक्के माहीत असते, आणि तिचे नाव कुठल्याच समितीत नसते.

शिवाय काही गोष्टी गावाच्या शिवेत मावत नाहीत. कचरा प्रक्रिया प्रकल्प प्रत्येकाला हवा असतो, पण दुसऱ्याच्या गावात. नदीचे पाणलोट पाच पंचायतींतून जाते. तरुण जोडप्यांना परवडणारी घरे कुठेतरी बांधायला हवीतच, आणि प्रत्येक गावाने ‘इथे नको’ म्हटले तर ती सगळ्यात हलक्या आवाजाच्या गावात जातात. अशा वेळी सगळ्या जागांचे निकष समोर मांडून तुलना करणारा तज्ज्ञ लागतो, आणि त्याने ‘तुमच्याच गावातली जागा योग्य आहे’ असे सांगितले तर ते ऐकण्याची तयारीही लागते. ती तयारी तेव्हाच असते जेव्हा निकष ठरवताना गाव हजर असते.

मग कसे करायचे

सुरुवात शिवारफेरीने. पावसाळ्यात एकदा आणि वैशाखात एकदा, कारण तीच जागा या दोन ऋतूंत वेगळी असते. सोबत नगररचनाकार किंवा वास्तुकलेचे विद्यार्थी, हातात त्या भागाचा सर्व्हे प्लॅन. झर दिसली की थांबायचे, मोबाइलवर तिचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, फोटो काढायचा, सोबतच्या जुन्या माणसाला विचारायचे की ही कुठल्या महिन्यात आटते. ते उत्तर तारखेसह लिहायचे. ‘पूर्वी बारमाही होती, आता मार्चला सुकते’ ही एक ओळ भूजलतज्ज्ञाला खूप काही सांगते. अशा नोंदी करण्याला कायद्याचे बळही आहे: 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही नोंदवही नियमाचा कागद म्हणून कपाटात पडली तर वाया, झरीच्या खुणांनी भरली तर सुनावणीत तीच पुरावा.

त्यानंतर तज्ज्ञाने हे सगळे संगणकावर थरांनी मांडायचे. खाली समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे ठिपके जोडणाऱ्या रेघा. त्यावर पाण्याच्या वाटा. त्यावर सर्व्हे नंबर. त्यावर गावाच्या खुणा. गावाची खूण आणि मोजमाप जुळत नसेल तिथे दोघांनी पुन्हा जागेवर जायचे. कधी मोजमाप चुकलेले असते, कधी आठवण. हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा असतो, कारण एकमेकांवरचा भरवसा जागेवर उभे राहूनच तयार होतो.

मग पर्याय. लोकांपुढे एकच आराखडा ठेवून ‘हो की नाही’ विचारले की भांडण होते. तीन ठेवा, प्रत्येकाची किंमत सांगा: यात एवढी घरे बसतात, एवढे पाणी लागते, एवढी शेते जातात, बसची वाट अशी. काय होईल ते तज्ज्ञ सांगील. त्यातले काय आपल्याला हवे, ते लोक ठरवतील. आणि ही सगळी माहिती मराठी-कोंकणीत, रंगांच्या खुलाशासह, पंचायतीच्या फलकावर. इंग्रजीत राजपत्रात छापून मुदत मोजायला लागणे म्हणजे लोकांना कळवले असे होत नाही.

पैसा आणि माणसे कुठून आणायची, हा प्रश्न दरवेळी येतो. केरळने 1996 मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा योजना निधीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग स्थानिक संस्थांकडे दिला. पंचायतींकडे तांत्रिक माणसे नव्हती, म्हणून निवृत्त अभियंते, डॉक्टर, कृषी अधिकारी, प्राध्यापक यांचे स्वयंसेवी तांत्रिक दल उभे केले. लोकांनी सुचवलेली कामे ही मंडळी तपासत, खर्चाचे अंदाज नीट करून देत. आपल्या शेजारी पुण्यात 2006 पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना प्रभागातली कामे सुचवता येतात. त्याची पोहोच लहान आहे, पदपथ, दिवे, बाक एवढ्यापुरतीच, तरी सवय लागायला ती पुरते.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात असे दल उभारणे केरळपेक्षा सोपे आहे. आल्तिनोवर वास्तुकला महाविद्यालय आहे, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ग्रामपंचायती 191. एका वर्षी एका तालुक्यातल्या पंचायतींना दोन-दोन विद्यार्थी आणि एक निवृत्त अभियंता जोडून दिला, तर बारा वर्षांत सगळे तालुके होतात. दोन तालुके घेतले तर सहा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पंचायतीचा ठराव, महाविद्यालयाशी करार आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद एवढ्यावर काम सुरू होते.

पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घेता येतील अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, गावाच्या हद्दीतल्या ज्या सर्व्हे नंबरांचा विभाग बदलण्याचे अर्ज आले आहेत त्यांची यादी पंचायतीने मागवून प्रत्येक सभेत वाचून दाखवावी आणि ते सगळे एका नकाशावर भरून ठेवावेत, म्हणजे बेरीज दिसत राहील. दुसरी, गावाने पाठवलेल्या प्रत्येक सूचनेवर लेखी कारणासह उत्तर मिळावे, अशी मागणी ठरावात लिहून ठरावाची प्रत नगरनियोजन खात्याला पोच घेऊन द्यावी. ठराव मांडताना सोबत वैशाखातल्या झरीचे फोटो आणि मानस किती तास बंद राहते त्याची एका उधाणाची नोंद जोडावी.